पाच वर्षांची थाप

३ फेब्रुवारी, मंगळवार

चमचा फेकला! माझ्या कानाजवळून गेला आणि थेट सिस्टरच्या टेबलाखाली. नेम चांगला आहे पोरीचा.

कॅन्सर वॉर्डात एक नंबरच्या खाटेवर नवीन मुलगी आली आहे. वय सोळा, नाकाच्या शेंड्यावर राग. मी नेहमीसारखी चमच्यांची पिशवी घेऊन गेले. म्हटलं, हा लाकडी चमचा घे, केमोची औषधं सुरू झाली की स्टीलचा नको होतो, खिळा चोखल्यासारखं लागतं. तर म्हणाली, "बरे झालेले सगळे इथे उपदेश करायलाच का येतात?" आणि भिरकावला. तिची आई बिचारी माझी माफी मागत बसली. मी हसून घेतलं, पण झोंबलं. खरं तर एकोणिसाव्या वर्षी मी त्याच वॉर्डात होते तेव्हा हात उचलायची ताकद नव्हती. नाहीतर मीही फेकलाच असता.

निघताना सिस्टर म्हणाल्या, पोरगी दोन दिवस जेवलेली नाही. वजन चाळीसच्या खाली गेलं तर पुढचा डोस लांबणार.

आजपासून तिचं नाव महाराणी.

५ फेब्रुवारी

सिस्टरचा फोन. उपचार संपून पाच वर्षं झाली की करायची माझी तपासणी — तिसरी तारीखही चुकवली म्हणून. बाबा रंधा मारत होते. "कोण गं?" म्हटलं, "सिस्टर. चमचे संपलेत."

"जन्मात कुणाची चमचेगिरी केली नाही, आता म्हातारपणी चमच्यांचाच कारखाना!" असं म्हणत बाबांनी लाकडाचे चांगले चार तुकडे बाजूला काढून ठेवले.

मला काही होत नाहीये. खाते, झोपते, करवत चालवते. मग कशाला जायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टर तोंड उघडणार एवढ्यात मी महाराणीकडे सटकले. तिने चमचा ठेवून घेतला होता! पण वापरायला नव्हे, नावं ठेवायला. "हा बनवणाऱ्याला कधी तोंड आलंय का? केवढा रुंद! ओठ फाटतील."

"मला तीन आठवडे तोंड आलं होतं!"

"मग विसरलीस."

खरंच विसरले होते. पाच वर्षं रुंद चमचे वाटत फिरतेय आणि कुणी भिडेखातर बोललं नाही.

मग एकदम तिने विचारलं, "ताई, तुला पाच वर्षं झाली ना? मग तपासणी झाली असेल. सगळं साफ?"

"हो. साफ."

पापणीही लवली नाही माझी. ती बघत राहिली माझ्याकडे. मग आईला म्हणाली, "आण ते सूप." चार चमचे प्यायली, त्याच रुंद चमच्याने, तोंड वेडंवाकडं करत. सिस्टरनी हातातलं पेन खाली ठेवलं. सूप बघून असेल.

११ फेब्रुवारी

थाप मारली मी. आणि ती पोरगी त्या थापेवर जेवतेय.

१३ फेब्रुवारी

अरुंद चमचा काही जमेना. तीन मोडले. बाबा म्हणाले, "एवढुसा कुणाला, चिमणीला?" सांगितलं. मग पटाशी माझ्या हातातून घेतली आणि चौथा स्वतः कोरला. उथळ, गुळगुळीत, पोटाला खाचही नाही. हेवा वाटला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

एकेचाळीस किलो! डोस मिळाला! महाराणीने नवा चमचा ओठांवरून फिरवून बघितला आणि म्हणाली, "आता कसं." मग अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडली, "ही बघा! पाच वर्षं झाली, तपासणी एकदम साफ!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरना ठसका लागला. समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी मला जवळ बोलावून माझा हात धरून ठेवला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

रिपोर्ट खराब आला तर? माझं जे व्हायचं ते होईल. पण तिचं जेवण?

१९ फेब्रुवारी

बाबांना सांगून टाकलं. रंधा थांबला.

"तीनदा?"

"तीनदा."

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी हात धुतले, बाहेर जायचा शर्ट घातला. "चल."

"बाबा, आधी वेळ घ्यावी लागते —"

"चल म्हटलं ना."

गेलो. रक्त दिलं, फोटो काढले. सोमवारी कळेल. खूप भीती वाटतेय. इतकी, की चमचाही कोरवत नाही. लिहिलं एकदाचं.

२३ फेब्रुवारी

साफ!!! खरंखुरं साफ!

बाबांनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, "डॉक्टर, तुमचं दार करकरतंय. उद्या येऊन नीट करून देतो." मी हसत रडले, की रडत हसले, कोण जाणे.

उद्या महाराणीला खरं सांगायचं. चमचा फेकला तर फेकला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. ती खातच राहिली.

"माहितीये मला. माझी खाट सिस्टरच्या टेबलाला लागून आहे. त्यांनी तुला फोन केला तो माझ्या उशाशी बसून."

"मग त्या दिवशी जेवलीस कशाला?"

"तू घाबरली होतीस ना! म्हटलं, मी घाबरत घाबरत खाऊन दाखवते. बघू तू तपासणीला कधी जातेस."