ओदेतने न म्हटलेली गाणी

लंडन, ऑन्टॅरिओ
१२ ऑक्टोबर २००३

ती. दादास,
शीलाचा सा. न.

आम्ही दोघं खुशाल. रवींद्रच्या गुडघ्याने थंडीची वर्दी दिली आहे, आणि तू अजून विंटर टायर्स बदलले नसणार याची मला खात्री आहे.

आमच्या शेजारची ओदेत आठवते ना? तू आलास तेव्हा बादलीभर द्राक्षं देऊन गेलेली पोर्तुगीज बाई. मी ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, तिथेच ती लाँड्रीत होती. शनिवारी त्यांच्या क्लबात जेवण होतं, तिने मला नेलं. ती मासे वाढत होती. लिस्बनहून मुलाकडे आलेले एक म्हातारे गृहस्थ ताट घेऊन पुढे आले आणि तिच्याकडे बघत तसेच थांबले. मग टोपी काढून त्यांनी विचारलं, की तुम्ही ओदेत सालेमा ना. ती नाही म्हणाली. ते रडायलाच लागले.

दादा, मग त्यांच्याकडूनच मला कळलं, की ही बाई फादो गायची. फादो म्हणजे गिटारच्या साथीवर म्हणायचं त्यांचं विरहाचं गाणं. सोळाव्या वर्षी बंदरावरच्या एका खाणावळीत गायला लागली, पंचविशीत चार रेकॉर्डी निघाल्या, रेडिओवर रोज लागायची. १९६९ साली एकाएकी नाहीशी झाली. तिकडे लोक तिला मेलेली समजतात. वीस वर्षांचा आमचा शेजार, आणि मी तिला साधं गुणगुणतानाही ऐकलेलं नाही. मी अजून सुन्न आहे.

वहिनीस नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
शीला

*

रेजिना
२५ ऑक्टोबर २००३

चि. शीलास,
अनेक आशीर्वाद.

टायर्स बदलले. काल पहिला बर्फ शोव्हल केला आणि आज कंबर धरून बसलो आहे. तुझी वहिनी म्हणाली, शीलावन्संनी या वेळी मोठीच थाप मारली. म्हणून लायब्ररीत जाऊन तिथल्या मुलीकडून इंटरनेटवर शोधून घेतलं. सगळं खरं निघालं. फोटोत ती काळी शाल पांघरलेली, मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले. फोटोखाली मृत्यूचं साल १९६९ आणि पुढे प्रश्नचिन्ह. इतकी वर्षं कॉलेजात शिकवलं, पण असा चकित कधी झालो नव्हतो.

एवढं गाणारं माणूस गाणं सोडतं कसं? तिला न दुखवता विचारून बघ.

आठवण ठेवणारा
दादा

*

लंडन
१६ नोव्हेंबर २००३

ती. दादास,
सा. न.

विचारलं. बटाटे सोलता सोलता तिने सांगितलं, सोलणं एकदाही थांबवलं नाही.

तिचा नवरा आर्मांदो तिच्या साथीला गिटार वाजवायचा. पाच वर्षांची मुलगी होती, इनेश. तिला ताप होता म्हणून आजीकडे ठेवून दोघं कार्यक्रमाला गेली. मध्यंतरात चिठ्ठी आली, की मुलीला हॉस्पिटलात नेलंय, ती आईला बोलावतेय. चिठ्ठी आर्मांदोच्या हातात पडली. सभागृह भरलेलं होतं. त्याने ती वाचून खिशात ठेवली आणि गिटार उचलली. ओदेत त्यानंतर सात गाणी गायली. ती पोचली तेव्हा पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती.

चार दिवसांनी सभागृहाच्या दरवानाने तिला चिठ्ठीची वेळ सांगितली. आर्मांदो मात्र मरेपर्यंत म्हणत राहिला, की चिठ्ठी उशिरा आली. ती इकडे भावाकडे निघून आली. सातांतल्या कुठल्या गाण्याला इनेश गेली, हे तिला माहीत नाही. म्हणून ती एकही म्हणत नाही.

पत्र पाठव.

तुझी
शीला

*

रेजिना
२ डिसेंबर २००३

चि. शीला,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

१९७४ साली तू आमच्याकडे राहून लॅबच्या लायसन्सची परीक्षा देत होतीस. आई गेल्याची तार मी तुला शेवटच्या पेपरानंतर दाखवली. ती दुसरी तार होती. पहिली पाच दिवस आधी आली होती. आई अत्यवस्थ आहे, शीलाचं नाव घेतेय, दोघं निघा, असा मजकूर होता. तुझं वर्ष फुकट जाईल म्हणून मी ती दडवली. मीही गेलो नाही, कारण मी निघालो असतो तर तुला कळलं असतं.

एकोणतीस वर्षं मी हे कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलासुद्धा. त्या आर्मांदोबद्दल वाचलं आणि पुढे गप्प राहवेना.

दीनानाथ

*

लंडन
११ जानेवारी २००४

दादा,

महिनाभर मी तुझा फोन घेतला नाही. त्या पाच दिवसांत आपण आइस्क्रीम खायला गेलो होतो, तेवढंच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

काल तुझं पत्र ओदेतला इंग्रजीत करून सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, की आर्मांदोने स्वतःच्या तोंडाने एकदा सांगितलं असतं तरी तिने त्याला सोडलंच असतं, पण गाणं कदाचित सोडलं नसतं. मी रडत होते. ती सिंकपाशी उठून गेली आणि पाठमोरी उभी राहून गायला लागली. आवाज फाटलेला आहे, वरचे सूर लागत नाहीत. एकच कडवं म्हटलं आणि नळ सोडला.

मी तुला माफ केलं असं लिहीत नाही, ते खरं होणार नाही. वीस तारखेच्या विमानाने एकटी येतेय. ती पहिली तार ठेवली असलीस तर काढून ठेव. आईचा निरोप मला स्वतः वाचायचा आहे.

शीला