डब्यातली खिरापत

८ सप्टेंबर
सकाळी ठीक सव्वाअकराला याच दारात उभं राहून घरमालक शेखर म्हणाला, की मोर्णा नदीचं पाणी या घरात कधी शिरलेलंच नाही. तारीख आणि वेळ मुद्दाम लिहिते. उभा जन्म शाळेत खोटी कारणं ऐकण्यात गेला. बाकी घर झकास. जाड जुन्या भिंती, नव्या टाइल्स, ताजा रंग, मागे कडुनिंब. दाराच्या नव्या कुलपाला आतूनही किल्लीच लागते. एकट्या बाईला सुरक्षित, म्हणे. महिनाभर राहून पाहा, मग खरेदीखत करू, हे त्याचंच बोलणं. अमरावतीची जागा सोडून आले आहे. अकोल्यात घरं पाहून पाहून पाय थकले. हे शेवटचं असू दे.

११ सप्टेंबर
नव्या रंगाखालून कमरेएवढ्या उंचीवर मातकट रेघ उमटली आहे. पाऊस नाही. शेखर फोनवर म्हणतो, जुन्या भिंतींना घाम येतो. म्हटलं, भिंतीला घाम येतो, तुला लाज येत नाही.

शेजारच्या गोदाबाईंनी कुंपणावरून विचारलं, “इथं काहून आल्या मॅडम? घरं का कमी होते?”

१५ सप्टेंबर
दिवेलागणीला मुली भुलाबाईची गाणी म्हणत आल्या. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना असलं खपत नसे, त्यामुळे मी हे सगळं खिडकीतूनच पाहिलेलं. गाणी संपली की घरच्या बाईने बंद डबा वाजवायचा, आतली खिरापत मुलींनी ओळखायची, एवढंच ठाऊक. घरात खाऊ नव्हता. मी किल्ल्या ठेवते तो बिस्किटांचा डबा वाजवला. फुटाणे, खोबरं, बत्तासे, सगळं सांगून झालं. हरलात, उद्या या, म्हटलं. दारातल्या टाइल्सभर चिखल करून गेल्या.

१८ सप्टेंबर
रोज येतात. परकर ओले. काल दारात होत्या, आज बैठकीत गोल करून बसल्या. रेघ खांद्याला आली.

गोदाबाईंकडे तक्रार केली. त्यांनी हातातलं धान्याचं सूप खाली ठेवलं. या गल्लीत आता कोणी भुलाबाई मांडतच नाही, म्हणाल्या. पूर आला त्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरी याच बैठकीत होत्या. गाणी झाली होती, खिरापत ओळखायची राहिली होती.

मग या कोण, मी विचारलं.

“तुमी डबा वाजवला का?”

वाजवला की ओळखल्याशिवाय पोरी उठत नाहीत, म्हणाल्या. आणि ओळखलं, की डब्यातलं त्यांचं.

२० सप्टेंबर
बॅग भरली. किल्ली घेऊन दुपारीच निघायचं — जरा टेकले, डोळा लागला. जाग आली तर दिवेलागण. दार बंद, कुलूप लावलेलं तसंच, आणि बैठकीत त्या —

मी डबा पोटाशी धरला आहे. हललं की वाजतो.

सगळ्यांत लहान पोर डब्याला कान लावून ऐकते. “हे खायाचं नाई व आजी.”

शेखर, हे घर मी घेत नाही. पाणी कधी आलं, त्या मुली कोण होत्या, मला का सांगितलं नाहीस — लेखी उत्तर हवं. उद्या दुपारी बाराच्या आत. फोनवर नको, लेखी —

गाणं थांबलं. रेघ माझ्या डोक्याच्या वर.

“चाब्या हायेत.”

ओळखलं. डबा हातातून — नाही म्हणता आलं नाही —

कुलूप आणखी एकदा फिरलं, घट्ट. आतून. पायांना गार लागतंय —

शेखर, उद्या बाराच्या आत, लेखी, सही कर —