मोरीतल्या मुंग्या

१ नोव्हेंबर १९७६. पहाटे पाच (लिहायला बसेपर्यंत साडेसात).

शालिकरामला घरी आणून आठ दिवस झाले. माझ्या धाकट्या भावाची अकरा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात गेली. आता कानात आवाज येत नाहीत म्हणतो. तिथल्या डॉक्टरांनी तीन वेळच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि वजनाकडे बघा, लघवी तपासून घ्या असं काहीसं सांगितलं. अकरा वर्षांनी मन जागेवर आलं, तिथे शरीराची काय मोठी गोष्ट. छत्तीस वर्षं मुलांना कविता शिकवल्या. एका भावाला चालायला लावता येणार नाही?

संकल्प: रोज पहाटे दोघांनी शुक्रवारी नावाच्या तलावापर्यंत जाणे. वाटेत चौथीच्या पुस्तकातल्या कविता म्हणणे. लहानपणी शाळेत असेच जायचो. मी पुढे, तो मागे.

२ नोव्हेंबर. फार थंडी. उद्यापासून.

५ नोव्हेंबर. गोळीने तोंड कडू होतं म्हणून शालिक कुरकुरतो. युक्ती काढली: गोळीमागे एक संत्रा बर्फी. म्हणजे दिवसाच्या तीन. वर्गात पेढा दाखवून पाढे पाठ करून घ्यायचो, तीच पद्धत. त्याला एकट्याने खायला संकोच वाटू नये म्हणून मीही एक घेतो.

११ नोव्हेंबर. चपला फाटक्या म्हणून चालणं अडलं होतं. आज कॅनव्हासचे बूट आणले. त्याचं माप न्यायचं राहिलं, माझ्याच पायाने घेतले. भावाभावांत कितीसा फरक असणार! शालिकला ओढूनताणून बसले. चावतात का विचारलं, तर काही समजत नाही म्हणाला. म्हणजे बसले.

१२ नोव्हेंबर. सर्दीमुळे मी गेलो नाही. शालिक एकटा तलावापर्यंत जाऊन आला. मी दारातूनच कविता म्हटली. शेवटच्या कडव्यापर्यंत तो वळणाआड गेला होता.

२३ नोव्हेंबर. शेजारच्या नत्थूजींच्या मुलीचं लग्न. शालिकला नीट कपडे घालून नेलं. भर पंगतीत तो मोठ्याने म्हणाला, "दादा, मुंग्या माह्या मागं लागल्या. मोरीत जाऊन आलो का तिथं येते. पायात बी चालून राहिल्या." वाढणारे थांबले. मला मान वर करवेना. नत्थूजींना हळूच सांगितलं, जुनं दुखणं पुन्हा डोकं वर काढतंय, मनावर घेऊ नका.

घरी आल्यावर मात्र वाटलं, कल्पना सुरेख आहे. दोन ओळी सुचल्या:
*मुंग्यांची ही निघे पालखी*
*भावाच्या पाउलावरी*
शालिकला वाचून दाखवल्या. हसला. ओळींखाली तारीख टाक म्हणाला. टाकली.

२९ नोव्हेंबर. आमच्याकडे स्वयंपाक-धुणं करणाऱ्या कांताबाई मध्ये पडल्या. म्हणे मोरीत खरंच मुंग्यांची रांग लागते, शालिकभाऊ जाऊन आले की लागते, आणि ते दिवसभर तांब्यावर तांबे पाणी पितात, डॉक्टरले दाखवा. मी समजावलं: बर्फीचे कण सांडत असतील, आणि नागपूरची हवा कोरडी. फिनेल आणून दिलं. बाईंचं शिक्षण तिसरीपर्यंत, त्यांना काय सांगणार.

तरी सोमवारी लघवी तपासून घेऊच.

१० डिसेंबर. सोमवार गेला. निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात कविता म्हणायची आहे, घसा जपतो आहे. पुढचा सोमवार नक्की.

२ जानेवारी १९७७. धुवायला काढलेला मोजा रक्ताने कडक झालेला, कांताबाईंनी दाखवला. शालिकच्या करंगळीला बुटाने जखम झाली आहे, काळसर. दुखत नाही म्हणतो. लहानपणी काटा टोचला की गल्ली गोळा करायचा. केवढा सोशिक झाला! हळद लावली. बक्षीस म्हणून एक जास्तीची बर्फी.

१० जानेवारी. खोलीत वास येत होता. मी म्हटलं, हा आठवडा हळदीला देऊन बघू. आणि त्याच्या तक्रारींवर किती विसंबायचं, त्याचं डोकं आपल्याला ठाऊक आहे. कांताबाई पोळ्या टाकून उठल्या.

"डोस्कं येडं असन गुरुजी. पाय तं येडा नाही ना."

रिक्षा त्यांनीच आणली.

दवाखान्यात निळ्या औषधात त्याची लघवी उकळली. विटेसारखा लाल रंग आला. एवढी साखर, डॉक्टर म्हणाले, आणि पायाची जाणीव गेलेली. किती दिवसांपासून?

मी म्हटलं, आठ दिवस.

शालिक पलंगावरून म्हणाला, "नाही डॉक्टरसाहेब. नत्थूजीच्या पोरीचं लग्न झालं, तवाच सांगतलं होतं मी. दादानं लिहून ठेवलं हाये."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी आवाज खाली आणून म्हटलं, "मेंटल केस आहे, सर. त्याला तारखांचं भान नसतं."

डॉक्टरांनी 'आठ दिवस' लिहिलं. शालिक छताकडे बघत राहिला.

१२ जानेवारी. दोन बोटं काढली. पाय वाचेल की नाही, आठवड्याने सांगतील. डॉक्टरांना उद्या खरं सांगणार. वही दाखवणार.

१३ जानेवारी. वही घेऊन गेलो. डॉक्टरांनीच विचारलं, काय आहे? मी म्हटलं, कविता.

१४ जानेवारी. संक्रांत. तिळगूळ नेला होता. सिस्टरने दारातूनच परत दिला, आणि याला रोज गोड कोण देत होतं विचारलं. मी म्हटलं, चौकशी करतो.

शालिक उशीला टेकून बसला होता. वही मागितली. त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, चष्मा घरी राहिला, म्हणून मीच वाचावं म्हणाला. चौथीतलं एखादं म्हणू का विचारलं. नको म्हणाला.

"ते मुंग्यायचं वाच."

वाचलं.

"खाली तारीख हाये ना. ते बी वाच."

"तेवीस नोव्हेंबर," मी वाचलं.

तो बराच वेळ हाताच्या बोटांवर दिवस मोजत होता.

"मंग माहं बरोबर होतं, दादा."

हो म्हणालो. आणि आजूबाजूला पाहून घेतलं, कोणी ऐकलं तर नाही.