चटणीतली गोळी

आई, परवा मी चार लोकांत तुझ्याविरुद्ध बोलले. परभणीच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मानसिक आजाराच्या पेशंटच्या नातेवाईकांना बोलावतात, तिथे. तिथल्या नव्या समुपदेशक मुलीने मला मुद्दाम बोलावलं होतं. मी तिथली जुनी पेशंट, आता झेरॉक्सचं दुकान चालवते, नेमाने गोळी घेते. "मावशी, तुमच्या आईंनी तुम्हाला कसं सांभाळलं ते सांगा, लोकांना धीर येतो," ती म्हणाली. मी सांगितलं. पण तिला हवं होतं तसं नाही.

तेव्हा मनोरुग्णांच्या मोठ्या दवाखान्यातून मला सोडलं ते सुटका म्हणून नाही, रजेवर. कोर्टाच्या हुकमाने आत गेलेल्या माणसाला घरी पाठवताना घरच्यांची सही घेत. औषध रोज देईन, घेतलं नाही तर परत आणून सोडीन. तू सही केलीस. आपण घरी पेडगावला आलो आणि थोड्याच दिवसांत मी गोळी थुंकायला लागले. जीभ जड होते, हात थरथरतात, असं तुला सांगत होते. तू ऐकून घेतलंस. मग घरात गोळीचं नावच निघेनासं झालं. मला वाटलं, माझं ऐकलंस. त्या दिवसांत मी गावात कुणावर विश्वास ठेवत नव्हते. एकट्या तुझ्यावर ठेवत होते.

अजून डोळ्यांसमोर येतं, तू मागच्या दारी बसून खलबत्त्यात कारळाची चटणी कुटते आहेस. कारळ मुळात कडसर, त्यात लसूण आणि मिरची सढळ हाताने. माझ्या ताटात चटणी, वर तेल. तुझ्या ताटात नुसता कांदा. चटणीवाचून तुला भाकरी उतरत नसे, हे मला लहानपणापासून माहीत. बरेच दिवस लक्षात आलं नाही. मग एकदा आलं.

"तू का खाईनास चटणी?"

"मला पित्त व्हायलंय. खा की गं, भाकर गार व्हायलीय."

"आधी तू खा."

"येडी हायस का?" म्हणालीस आणि लगेच ओठ मिटलेस. तो शब्द आपल्या घरात कुणी काढत नसे. मग माझ्या ताटातली चटणी तुझ्या भाकरीवर घेतलीस आणि सगळी खाल्लीस, माझ्याकडे बघत. "बघ. काई हाय का त्यात?"

दुसऱ्या दिवशी कापूस वेचणाऱ्या बायकांनी तुला धरून घरी आणलं. मान एका बाजूला वळलेली, जबडा आवळलेला, बोलता येत नव्हतं. बाहेरचं लागलंय, लिंबू उतरा, असं चाललं होतं. "लेकीचं मायला लागलं गं बाई," एक जण माझ्यादेखत म्हणाली. मी ती मान ओळखली. त्या गोळीने दवाखान्यात माझी तशीच झाली होती. मी उठले आणि धावत उपकेंद्रातल्या नर्सबाईंना आणायला गेले. माझ्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडेच होतं. तोवर मी त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हते.

त्यांनी तुझ्या मानेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खलबत्त्याकडे. सुई दिली. मान हळूहळू सरळ झाली. तेव्हा त्या बोलल्या, माझ्याशी. "हे बघ, तुला औषध घ्यावंच लागंल. न्हाई घेतलंस तर मला वर कळवावं लागंल, अन् दवाखान्याची गाडी येईल तुला न्यायला. ती मी थांबवू शकत न्हाई. पण कळवायच्या आधी तुला येऊन सांगंन. पाठीमागं काई करणार न्हाई." मग तुझ्याकडे वळल्या. "अन् तुमी नुसता सैपाक करा. औषधाचं आमी दोघी बघतो." हात थरथरतात हे मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी बदलून आणली. तुला मी तेच तर सांगत होते.

ती धमकीच होती, पण तोंडावर दिलेली. माझा त्या धमकीवर विश्वास बसला. तुझ्या चटणीवर पुन्हा कधी बसला नाही. तू होतीस तोवर मी माझी भाकरी वेगळी थापली, तुझ्याच चुलीवर. तू माझ्यासाठी पीठ मळून ठेवायचीस, मी ते तसंच ठेवून दुसरं मळायचे. लोक म्हणाले, कसली ही लेक. म्हणू देत. तू ती गोळी स्वतः गिळलीस, मान वाकडी करून घेतलीस, पण "पोरी, यात औषध हाय" एवढं वाक्य तुझ्या तोंडून निघालं नाही. गाडी येईल म्हणून घाबरली होतीस, मला माहीत आहे. पण गाडी मला न्यायला येणार होती. ती भीती माझी होती, माझ्यापासून लपवायचा हक्क तुला नव्हता.

हे सगळं मी तिथे सांगितलं. सेलूकडची एक बाई उठून उभी राहिली. "मी जेवणात कळणार न्हाई असं बेचव औषध हाय का विचारायला आलते. तुमी हे काय सांगायलात? माझं पोरगं कुऱ्हाड उशाला घेऊन झोपायलंय."

"मग गाडी बोलवा. पण त्याला सांगून बोलवा. एकटीनं न्हाई, नर्सबाईला संगं घेऊन सांगा. जेवणात घालू नका."

"तुमच्या मायनं घातलं नसतं तर आज हितं बोलायला असत्या का तुमी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "नसते," मी म्हणाले. "तरीबी घालू नका."

समुपदेशक मुलीचा चेहरा उतरला. ती आता मला बोलावणार नाही. न बोलावता जाईन.

आज सेलूकडची ती बाई मला शोधत दुकानात आली. त्यांच्या गावच्या नर्सबाईसमोर मुलाला सांगितलं म्हणे, आजवर वरणात घालत होते. त्याने ताट भिंतीवर मारलं. गोळी अजून घेतलेली नाही. नर्सबाई परत येणार आहेत, मग गाडीचं ठरेल. "पर सकाळी जेवला," ती म्हणाली. "रोज भाकर मोडून हुंगायचा. आज हुंगली न्हाई."

ती रडत होती. मी तिला पाणी दिलं.

आई, मी तुला माफ केलेलं नाही, आणि तू काही मागितलंही नव्हतंस. हे दुकानातल्या खराब झालेल्या कागदांच्या पाठीवर लिहिलं आहे, त्यांच्याबरोबरच रद्दीत जाईल. गोळी मी रोज तळहातावर घेऊन, बघून घेते. खलबत्ता माझ्याकडेच आहे. त्यात मी कारळाची चटणी कुटते, शेजारणी मागून नेतात, छान झाली म्हणतात. माझ्या जिभेला मात्र तुझ्या चटणीपेक्षा तिच्यात थोडं कडू कमीच लागतं.