बेहड्याची ढोली

पनवेल
२ एप्रिल २०२५

प्रिय डेव्हिडदादा,

शालोम. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? पेसाहचा सण दहा दिवसांवर आला तरी माझी साफसफाई अर्धीच आहे.

तू वर्षभर एकच विचारत होतास, म्हणून आधी तेच. कबरस्तानातला बेहडा काढला. मुळं आता आजोबांच्या कबरीचा दगड उचलणार नाहीत. हिब्रू आणि मराठी, दोन्ही ओळी वाचता येतात. फोटो तुझ्या नोआला पाठवलाय.

अभयारण्याच्या कार्यालयावर मी फार चिडले आहे. वर्षभर अर्ज पडून, आणि गुरुवारी सांगतात, उद्या संध्याकाळपर्यंत घरट्यांच्या नोंदी ठेवणाऱ्याचं पत्र आणा, "या झाडावर घरटं नाही." नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

जंगलाच्या त्या कडेच्या, कबरस्तानाजवळच्या घरट्यांच्या नोंदी मीच ठेवते, दादा.

शुक्रवारी पहारेकरी दीनानाथ भेटला. म्हणाला, "ताई, धनेशाचा नर फळं घेऊन त्या बेहड्याकडं जातोय. ढोलीत मादी हाय. उद्या येऊन बसा घटकाभर."

"शनिवार आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. मी येत नाही, ठाऊक आहे ना?"

"तुमचा शनिवार पाखराला म्हाईत नाय."

मी हसले. मला घरी जाऊन शब्बाथचे दिवे लावायचे होते. तुझा फोन यायचा होता. घरटं नाही म्हणून पत्रावर सही करून दिली.

शनिवारी मी नियमाने घरात स्वस्थ बसले होते, तेव्हा त्यांनी झाड कापलं.

रविवारी गेले. पप्पांनी आपल्याला दाखवलं होतं, आठवतं? मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते, पिसं झडलेली, उडता न येणारी. आडव्या खोडावर ते लिंपण फुटलेलं होतं. मादीचं काय झालं ते लिहवत नाही. नर चोचीत उंबर धरून यायचा, पूर्वी ढोली होती त्या उंचीवर नुसत्या हवेत फडफडायचा आणि परत जायचा. पुन्हा यायचा. दीनानाथने तोडलेल्या फांद्या बाजूला करून मला वाट दिली. रागावला असता तर बरं झालं असतं.

तुझ्यामुळे झालं असं म्हणायचा मोह होतो. पण तू दगड वाचवायला सांगितलं होतंस, खोटं लिहायला नाही.

आपल्या रिवाजाप्रमाणे आजोबांच्या कबरीवर ठेवायला नेलेला खडा बुंध्यावर ठेवून आले. काल कार्यालयात लिहून दिलं, घरटं होतं, मी पाहायला गेले नाही. आता माझ्या नोंदी ते घेतील की नाही, माहीत नाही.

शुक्रवारी फोन कर. दगडाबद्दल मात्र विचारू नकोस.

सही करायला हात धजत नाही. नुसतं नाव लिहिते.

अबीगेल