कैफियतीवरची सही

४ सप्टें. ७२, सोमवार. मिरजगाव

सकाळच्या एस.टी.नं आलेली टपालाची थैली फोडली. रजिस्टर पाकिटं सहा. चौथ्यावर माझंच नाव, मागं नगरच्या एका वकिलाचा शिक्का. पोस्टमन किसन समोरच उभा. "मास्तर, हे तर तुमचंच की." म्हटलं, विम्याचं असेल. सही केली, पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मनिऑर्डरी लिहीत बसलो. पाऊस नाही, गावातली माणसं पुण्या-मुंबईकडं गेलीत, त्यांच्या मनिऑर्डरी रोज वाढताहेत.

जेवणाच्या सुट्टीत दार लावून वाचलं. शालनकडून. 'लग्न झाल्यापासून उभयतांत पतिपत्नीचे संबंध कधीही आले नाहीत व त्यास सर्वस्वी आपली असमर्थता कारण आहे.' टाइप केलेलं. म्हणजे कुणा टायपिस्टानंही वाचलं.

एक अक्षर खोटं नाही.

५ सप्टें.

शालन चैत्रात माहेरी तिसगावला गेली ती आली नाही. घरी मी सांगत होतो, तिच्या वडिलांना बरं नाही.

तीन वर्षं आई तिला मुलासाठी काढे करून देत होती. सोमवार धरायला लावले. शेजारणी डोहाळजेवणाला आईला बोलवायच्या, हिला नाही. काढा फार कडू असायचा. ती माझ्याकडं बघून प्यायची. मी पेपर वाचत असायचो.

हे लिहायलाही तीन वर्षं लागली.

१९ ऑक्टो., गुरुवार

दसरा झाला आणि समन्स आलं. मी पोस्टात होतो. बेलीफ घरी गेला, दादांनी घेतलं. दादांना वाचायला वेळ लागतो, संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा शेवटच्या पानावर होते. वडिलांनी मुलाबद्दल वाचावं असं ते नाही.

"ह्ये खरं हाय का?"

"ती म्हणते तसं नाही." असं म्हणालो. खरंही नाही, खोटंही नाही.

"मग लढायचं. आपल्या घराण्यात असला मानूस झाला न्हाई."

आई आत होती. बाहेर आली नाही.

२८ ऑक्टो., शनिवार. नगर

रजा टाकून दादांबरोबर वकिलाकडं. दादांना बाहेर बसवलं ते बरं केलं.

मी समजत होतो घटस्फोट. वकील म्हणाले, हा घटस्फोट नव्हे. लग्न रद्द करून मागितलंय. म्हणजे लग्न झालंच नाही असं कोर्टानं ठरवायचं. घटस्फोटाला कायद्यात मोजकी कारणं, त्यातलं एकही इथं बसत नाही.

विचारलं, दोघांची राजीखुशी असेल तर?

"राजीखुशीनं कोर्ट लग्न मोडत नाही. कुणाचा तरी दोष शाबीत व्हावा लागतो."

"मी कबूलच केलं तर?"

त्यांनी चष्मा काढला. "नुसत्या कबुलीवर निकाल होत नाही. तुमचं दोघांचं संगनमत आहे का, हे जज आधी बघणार. डॉक्टरी तपासणी, साक्ष सगळं होणारच. मग लढलेलं काय वाईट?"

मला वाटलं होतं गुपचूप सही करून सुटता येईल.

११ नोव्हें., शनिवार

कैफियत तयार. म्हणजे तिच्या अर्जाला माझं लेखी उत्तर. परिच्छेद पाच: 'अर्जदार हिचे तिचा आतेभाऊ भानुदास याजशी लग्नापूर्वीपासून अनैतिक संबंध असून त्यामुळेच तिने सामनेवाल्यास जवळ येऊ दिले नाही.'

भानुदास दर दिवाळीला तिला न्यायला मुराळी म्हणून यायचा. तिला सख्खा भाऊ नाही. मागच्या खेपेला मी वकिलांना बोलता बोलता एवढंच सांगितलं होतं.

म्हणालो, साहेब, हे काही मी बोललो नाही.

"आतेभाऊ, म्हणजे लग्नाचं नातं. कोर्टाला पटेल. तिचं म्हणणं खोडायचं तर ती तसं का म्हणते, ते सांगायला नको?"

दादा शेजारी बसलेले. म्हणाले, "कर सही."

खाली 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' असं छापल्यासारखं लिहिलेलं. केली. अक्षर नेहमीसारखंच आलं. हात कापला असता तर बरं वाटलं असतं.

२७ नोव्हें., सोमवार

कोर्टात कैफियत दाखल. नक्कल तिच्या वकिलाला दिली. शा. व्हरांड्यात वडिलांशेजारी बाकावर होती. वकिलानं तिला पाचवा वाचून दाखवला असावा. मी खांबाच्या मागं सरकलो. ती उठली, पाण्याच्या माठाकडं गेली, पाणी न पिताच परत येऊन बसली.

१८ डिसें.

जजसाहेबांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. समेटाचा प्रयत्न करणं त्यांचं कामच आहे म्हणे. शा.ला विचारलं, परत नांदायला जाल? ती म्हणाली, "नाही." मला विचारलं, न्यायला तयार आहात? वकिलांनी पढवलं होतं, हो म्हणायचं. म्हणालो, हो.

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या दौतीकडं बघत राहिलो.

चौकशी बंद खोलीत घ्यायची ठरली. तेवढं एक तरी.

९ जाने. ७३, मंगळवार

भानुदास पोस्टात आला. तिकिटाच्या खिडकीशी पाच-सहा माणसं, त्यांच्यामागं रांगेत उभा. नंबर आल्यावर म्हणाला, "दाजी, बाहेर येता का?"

चिंचेखाली गेलो. मला वाटलं मारील. मारलं नाही.

"माझी सोयरीक मोडली. सुपारी फुटली होती. मुलीच्या बापानं निरोप धाडला, कोर्टाचं निस्तरल्यावर बघू." टोपी काढून हातात घेतली. "मी तिला न्यायला येत हुतो. तुमच्या आईनं मला पुरणपोळी वाढली, दाजी. लई आग्रह करकरून वाढली."

मी म्हणालो, ते वकिलानं लिहिलं.

"सही कुणाची हाय?"

एवढं विचारून गेला. किसननं विचारलं, कोण पाव्हणं? म्हटलं, बायकोच्या नात्यातले. आत येऊन शिक्के मारत बसलो. शिक्क्यातली तारीख न बदलता तीस-एक पाकिटांवर कालचीच मारली. पुन्हा सगळी केली.

२२ जाने.

नगर, सरकारी दवाखाना. तपासणी. डॉक्टर माझ्याहून लहान. पडदा ओढून घेतला, कामापुरतंच बोलले. हात धुताना म्हणाले, "आधी कुणाला दाखवलं होतंत?"

म्हटलं, एका वैद्याच्या पुड्या घेतल्या. वर्षभर. चोरून.

"बायकोला माहीत होतं?"

"पुड्या तीच दुधात घालून द्यायची."

हात पुसून कागदावर लिहायला बसले. अहवाल बंद पाकिटात परस्पर कोर्टाकडं जाणार. त्यात काय लिहिलंय ते मला कळणार नाही. म्हणजे नव्यानं कळायचं असं काही नाही.

बाहेर येऊन चहा प्यायलो. तपासणीची वाटत होती तेवढी लाज वाटली नाही. परिच्छेद पाचची जास्त वाटली, तीही तिथं, कपबशी हातात असताना.

४ फेब्रु., रविवार. तिसगाव

घरी न सांगता गेलो. मामा, म्हणजे सासरे, ओट्यावर होते. 'या' म्हणाले नाहीत, हाकललंही नाही. शा. आतून बाहेर आली. अंगानं उतरलीय. आता बालवाडीवर जाते.

मी म्हणालो, भानुदासचं मी खोटं लिहिलं.

"मला ठाऊक आहे की ते खोटं आहे. मला काय सांगता?"

"चूक झाली."

"इथं ओट्यावर चूक झाली म्हणायला काय लागतं? तिथं सांगा. जिथं लिहून दिलंत तिथं."

आत गेली. थोड्या वेळानं मामांनीच पाण्याचा तांब्या पुढं केला. विहिरी आटल्यात, बायका कोसभरावरून पाणी आणतात. सगळा तांब्या प्यायलो.

५ फेब्रु.

नगरला वकिलांकडं. म्हणालो, पाचवा परिच्छेद काढून टाका. म्हणाले, दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल, मग दुसरी बाजू म्हणणार एक खोटं तर सगळंच खोटं. "मग मला वकील म्हणून कशाला लावलंत?" पुढं म्हणाले, "वडिलांना विचारून या."

वय एकतीस. वडिलांना विचारून या.

विचारलं नाही. अर्जही दिला नाही.

२६ फेब्रु., सोमवार

आधी तिची साक्ष. खोलीत जज, कारकून, दोन वकील, ती, मी. आमच्या वकिलांनी भानुदासबद्दल विचारलं. कितीदा यायचा. रात्री मुक्कामाला राहायचा का. एस.टी.त शेजारी बसायचात का. ती 'हो', 'हो', 'हो' म्हणत गेली. कारण ते खरंच होतं. यायचा, राहायचा, शेजारी बसायचा. खरं सांगूनच वाईट दिसत होती.

मग जजसाहेबांनी स्वतः विचारलं, "तीन वर्षं तुम्ही कुणालाच का सांगितलं नाही?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर यांना गावात राहता आलं नसतं."

कारकुनानं तेही लिहून घेतलं.

दुपारी मी. शपथ. नाव, वय, धंदा नोकरी. वकिलांनी कैफियत पुढं धरली, सही तुमची? माझी. मजकूर खरा आहे?

म्हणालो, "पाचवा परिच्छेद खोटा आहे."

वकील थांबले. जजसाहेबांनी विचारलं, खोटा आहे हे सही करताना माहीत होतं? म्हणालो, होतं. याचे परिणाम माहीत आहेत? म्हणालो, नाही.

मग म्हणाले, "आणि अर्जात जे तुमच्याबद्दल म्हटलंय, ते?"

उत्तर तोंडात होतं. एका शब्दाचं. शा. खाली मान घालून बसलेली, तिनं मान वर केली नाही. मी कठड्याला धरून उभा. कारकुनानं टाक दौतीत बुडवला, वाळला, पुन्हा बुडवला. शेवटी जजसाहेब म्हणाले, साक्ष अपुरी, पुढची तारीख १२ मार्च.

दादा फाटकाशी उभे होते. "काय इचारलं?"

"अजून संपलं नाही."

एस.टी.त त्यांनी टॉवेल टाकून माझी जागा धरली. रुईछत्तीशीचा थांबा गेला. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडून घरी चाललेली. मी म्हणालो, भानुदासचं खोटं होतं असं सांगितलं मी.

दादा खिडकीबाहेर बघत राहिले. मांदळी गेल्यावर, इतक्या हळू की पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही, म्हणाले, "आन् दुसरं?"