मिश्रीच्या आधीची लाळ

लासुर्णे, ता. इंदापूर
११ मे २०२१

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. श्रेयाचा आत्याच्या वतीने एक गालगुच्चा घे. आम्ही इकडे ठीक. कालव्याला पाणी सुटलंय, त्यामुळे रविराज दिवसभर उसातच असतात. आई बरी आहे. तू पाठवलेले आंबे पोचले, गोड निघाले.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र रविराजबरोबर लोणी भापकरला पाठवते आहे. माझा फोन तुला कापता येतो, पण फाटकात उभ्या असलेल्या दाजींना तू पाणी तरी विचारशीलच.

तुझा निरोप वहिनींकडून मिळाला: आईला शुक्रवारी अक्षय तृतीयेला सकाळी श्रेयाच्या लग्नाला पाठव, तिच्या तपासणीत काही निघालं नाही असं तुझ्या दवाखान्याच्या कागदावर लिहून दे, आणि लग्न पार पडेपर्यंत तोंड बंद ठेव. शिवाय वर हेही, की दातांच्या डॉक्टरने दात बघावेत, साथीत नाक खुपसू नये.

अरे, लाळ काय गुडघ्यात असते? दाढ कोरायला घेतली की पेशंटच्या तोंडातले तुषार सरळ माझ्या चेहऱ्यावर येतात. म्हणून लाळ तपासल्याशिवाय मी कुणालाही खुर्चीत बसवत नाही. तिकडे पुण्यात एक प्रयोगशाळा लाळेवरच कोरोनाची तपासणी करते. नाकात काडी घालायची म्हटलं की आपली माणसं उसात पळतात, बाटलीत थुंकायला मात्र कुणी कुरकुरत नाही. अट एवढीच की सकाळी उठल्यावर, तोंडात काहीही घालायच्या आधी थुंकायचं.

आणि आपली आई दातांना तंबाखूची मिश्री लावल्याशिवाय चुलीकडेसुद्धा बघत नाही!

लग्नाआधी दुखरी दाढ काढायची म्हणून ती पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा तिने बाटली दिली ती काळी. "मिश्री लावलीस ना?" विचारलं, तर म्हणते, "न्हाय गं, माजे दातच तसं हायती." मीही मेली मुलगीच, दिली बाटली पाठवून. नमुना खराब, पुन्हा घ्या, असं पुण्याहून आलं. ते मी तिला सांगितलं आणि तुलाही सांगितलं. आठवतंय? तू म्हणालास, "निघालं न्हाय ना काय? मग झालं तर." आणि तिने घरी जाऊन साऱ्या भावकीला सांगितलं, "माज्यात कायबी निगालं न्हाय." तिला ठाऊक होतं, दादा. नातीची हळद दळायला जात्यावर पहिला हात तिचा पडायला हवा होता.

जात्याशेजारी तिची मिश्रीची डबी होती. ते तुला वेगळं सांगायला नको. जिला हवी तिने बोट बुडवायचं, दातांवरून फिरवायचं, पुन्हा बुडवायचं. कुणी नको म्हटलं की तिला शिष्ट म्हणायचं. मी दाताची डॉक्टर झाल्यापासून त्या डबीशी भांडते आहे, पण ते दातांसाठी. आता त्या दिवशी जात्यावर असलेल्या सारजाकाकू आणि साखरबाई मावशी तापाने पडल्या आहेत. तू लोकांना सांगतोस की त्यांना ऊन लागलं. त्यांच्या लाळेचे नमुने मी स्वतः येऊन घेतले. दोघींनाही कोरोनाच आहे, आणि दोघीही शुक्रवारी पंगतीत वाढायला उभ्या राहणार होत्या. परवानगी पंचवीस माणसांची आणि मांडव तू मळ्यात घातलास, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. आजार काय रस्त्यावरून बघत जाणार आहे?

आईची दाढ फारच ठणकायला लागली तेव्हा ती पुन्हा माझ्याकडे आली. या खेपेला मी पहाटेच तिची डबी मुठीत धरून तिच्या उशाशी बसले. ती शिव्या घालत होती, "डाक्टरीण झालीस म्हून आयची डबी चोरतीस व्हय?" शेवटी वैतागून बाटलीत थुंकली. तीही पॉझिटिव्ह निघाली.

तेव्हा, तुला हवा तसा कागद मी देणार नाही. लोकांना तोंडं उघडायला लावून मी पोट भरते, माझंच तोंड बंद कसं ठेवू? मला शिकवण्यासाठी तूच अप्पांशी भांडलास. "पोरगी डाक्टर व्हनार, माजी जिमीन इकीन," म्हणालास. तो दादा मला पाठ आहे. आता कागदावर खोटं लिही म्हणणारा कोण, मी ओळखत नाही.

वर लिहिलं की आई बरी आहे. ते खरं नाही. इतका वेळ ते लिहायला हात धजत नव्हता. काल दुपारी तिला धाप लागली, ओठ निळसर पडले. रविराजनी गाडी काढली, बारामतीत खाट मिळेपर्यंत तीन दारं फिरलो. आता ती ऑक्सिजनवर आहे. तुला लगेच कळवायला हवं होतं. मी सारखी फोन लावत होते, तू सारखा कापत होतास.

नळी लावायच्या आधी ती मला म्हणाली, "माज्यापायी पोरीचं लगीन थांबवू नगं. दादाला म्हनावं, उरकून घे." तिचं बोलणं तुझ्यापासून लपवणार नाही. पण मी ऐकणारही नाही, तिचंही नाही आणि तुझंही नाही.

आज सकाळी मी कऱ्हाटीला श्रेयाच्या होणाऱ्या सासऱ्यांना, भीमरावांना, फोन केला आणि सगळं सांगितलं. तुला हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. मला वाटलं, मोडलं लग्न. पण ते म्हणाले, "ताई, तारीक परत काडता यील. म्हातारी परत न्हाय आनता यायची. पोरगी आमचीच सून हाय, दादासायबांना म्हनावं मांडव सोडा." श्रेयाला मी आधीच विचारलं होतं. ती रडली, आणि "आत्या, कर फोन," म्हणाली. तिच्यावर चिडलास तर माझ्याशी गाठ आहे.

चीड माझ्यावर. भावकीत माझं नाव काढू नकोस, भाऊबीजेला बोलावू नकोस, जे वाटेल ते कर. मी केलं ते पुन्हा करीन.

आता शेवटचं. परवा शेवटचा फोन उचललास, तेव्हा कापण्याआधी तू खोकलास. तो खोकला मला आवडला नाही. रविराजना मी पहाटेच धाडते आहे, तू तंबाखू मळायच्या आत ते फाटकात असतील. त्यांच्याकडे तुझ्या नावाची बाटली आहे. ती भरून दिल्याशिवाय ते हलणार नाहीत, तशी माझी ताकीद आहे. हवं तर आधी बाटलीत थुंक आणि मग मला शिव्या घाल.

आज दुपारी आईच्या शेजारची खाट रिकामी झाली. गेलेल्या बाईंची मुलगी माझ्याच वयाची होती. त्या खाटेवर मला तू नको आहेस, दादा.

तू फाटक लावून घेतलंस तरी चढून येणारी,
रोहिणी